परसातला कोईचा हौद, बेताच्या खर्चात

कोई म्हटलं की हॉटेलच्या अंगणातलं नितळ पाणी, दगडांची आरास आणि लाखांत किंमत असलेले मासे आठवतात. या माशाचं मूळ मात्र शेतकऱ्याच्या घरातलं आहे. जपानच्या निगाता भागातल्या यामाकोशीच्या डोंगरांत हिवाळाभर बर्फ साचतं. तिथले लोक उतारावरच्या भातखाचरांसाठी पाण्याची तळी राखत आणि त्यांत खाण्यासाठी कार्प मासे वाढवत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या काळपट माशांत अधूनमधून लाल-पांढरी पिल्लं निघू लागली. लोकांनी ती खाल्ली नाहीत, वेगळी काढून वाढवली. १९१४ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाने ते पाहिले. आपल्याकडे शेततळ्यात वाढवतात तो सायप्रिनस आणि हा कोई एकाच घराण्यातले. आजही निगातातले पैदासकार उन्हाळ्यात आपले उत्तमोत्तम मासे मातीच्या तळ्यांतच सोडतात.

म्हणून बेताच्या पैशांत कोई पाळणं म्हणजे श्रीमंतांच्या हौसेची स्वस्त नक्कल होते, असं मला वाटत नाही. या माशाला ग्रॅनाइट नको, धबधबा नको, रंगीत दिवेही नकोत. त्याला पाणी हवं, पुष्कळ आणि खोल. त्या पाण्यातली घाण सतत निघून जायला हवी आणि श्वासाला हवा हवी. पाण्याचं आकारमान, गाळणी आणि हवा, या तीन ठिकाणी हात आखडला तर मासे मरतात. बाकी सगळं जुनं, उरलेलं, मागून आणलेलं चालतं.

आकारमानाचा हट्ट कशासाठी, ते माशाच्या शरीरातच आहे. कोईला जठर नसतं. अन्न आतड्यातून सरळ पुढे सरकतं, म्हणून तो दिवसभर काही ना काही चघळत हिंडतो. खाल्लेल्या प्रथिनांचा अमोनिया होतो आणि त्यातला बराचसा विष्ठेतून नव्हे, कल्ल्यांतून थेट पाण्यात उतरतो. म्हणजे तळाशी घाण दिसत नसली तरी पाणी बिघडत असतं. साधारण हिशेब असा, की १०० ग्रॅम खाद्यामागे सुमारे ३ ग्रॅम अमोनिया. किलो-किलोचे पाच मासे दिवसाला ५० ग्रॅम खाद्य खातात असं धरलं, तर रोज दीड ग्रॅम अमोनिया झाला. तो ६,००० लिटरमध्ये पसरला तर लिटरमागे पाव मिलिग्रॅम होतो, ५०० लिटरच्या टाकीत तीन मिलिग्रॅम. एक दिवस गाळणी बंद पडली, तर मोठ्या हौदातले मासे तो दिवस काढतात. लहान टाकीतले काढत नाहीत.

दुकानात चार इंचांचं पिल्लू बघून पन्नास-शंभर लिटरचा टब पुरेसा वाटतो. तेच पिल्लू नीट सांभाळलं तर तीन-चार वर्षांत दीड-दोन फुटांचं होतं आणि पंचवीस-तीस वर्षं जगतं. एवढी जागा किंवा एवढं पाणी नसेल तर गोल्डफिश पाळावेत, त्यांचीही मजा कमी नाही. कोईसाठी ४,००० लिटर आणि तीन फूट खोली ही खालची मर्यादा समजावी. इथे मी १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ४ फूट खोल हौद धरून बोलतो. काठापासून अर्धा फूट सोडून पाणी भरलं, म्हणजे साडेतीन फूट, तर २१० घनफूट होतात. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणून सुमारे ५,९०० लिटर. हा आकडा भिंतीवर रंगवून ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे, कारण पुढे मीठ, सोडा, औषध सगळं त्याच्यावरच मोजायचं असतं.

जागा निवडताना झाडाखालची सावली मोहात पाडते, पण पडणारा पाला तळाशी कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. शिवाय पिंपळ-उंबराची मुळं कुठेही शिरतात. झाडापासून दूर खणावं आणि सावली हिरव्या शेडनेटची करावी. जागा घराच्या खिडकीतून दिसणारी असावी. रोज नजरेखालून जाणाऱ्या हौदात काही बिघडलं तर लगेच कळतं.

पुरा हौद जमिनीत घ्यावा की पुरा वर बांधावा? माझं मत दोन्हींच्या मधलं आहे: अडीच फूट खाली, दीड फूट वर. साडेतीन फूट पाणी दहा फुटांच्या भिंतीवर सुमारे पावणेदोन टनांचा जोर टाकतं. सगळी भिंत जमिनीवर असेल तर तो पेलायला काँक्रीट आणि सळई लागते, आणि खर्च तिथेच हाताबाहेर जातो. जोर खोलीच्या वर्गाने वाढत असल्यामुळे जमिनीच्या वर राहिलेल्या एक फूट पाण्याचा जोर त्याच लांबीवर दीडशे किलोच्या आत भरतो. तेवढा नऊ इंची विटेची किंवा सहा इंची सिमेंट ब्लॉकची भिंत सहज सोसते. खालचा जोर जमीन झेलते. दीड फुटाचा कठडा असला की अंगणातलं वाहतं पाणी आत येत नाही, बेडूक सहसा चढत नाहीत आणि माणसाला टेकायला जागा होते. घरात रांगतं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल असेल तर मात्र कठड्यावर भरवसा ठेवू नये. लोखंडी जाळीचं झाकण पहिल्या दिवसापासून लावावं, खर्चाच्या यादीत ते अगदी वर असावं.

खणायची माती कोणती, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मुरमात खणलेली भिंत उभी राहते. कोकणात जांभा लागला तर खणायला कष्ट पडतात, पण मग काठ ढासळत नाही. काळ्या मातीला मात्र जपावं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत हलवते. तिथे भिंतीच्या पायाखाली सहा-नऊ इंच मुरूम कुटून घ्यावा आणि बाजूंना थोडा उतार ठेवावा. अडीच फुटांच्या खड्ड्यातून दीड ब्रास माती निघते, सुटी झाल्यावर ती दोन ब्रासच्या जवळ जाते. ती टाकायची कुठे हे आधी ठरलं नसेल, तर ट्रॅक्टरच्या खेपांचा खर्च अंगावर येतो. तिचा भराव कठड्याच्या बाहेरून लावला तर भिंतीला आधारही होतो.

तळाला एका कोपऱ्याकडे तीन-चार इंचांचा उतार द्यावा, घाण तिकडे गोळा होते. पाण्यात पायऱ्या ठेवू नयेत. सजावटीच्या पुस्तकांत दिसणाऱ्या पायऱ्यांवर वंचक आरामात उभा राहून मासे टिपतो. काठाची पातळी गवंड्याच्या पारदर्शक नळीने चारही कोपऱ्यांना तपासावी. एक बाजू दोन इंच खाली राहिली तर पाणी तिथूनच सांडतं आणि तो दोष जन्मभर डोळ्यांत सलतो.

पैसे खऱ्या अर्थाने वाचतात ते अस्तरात. बागेच्या दुकानात मिळणारं ईपीडीएम रबर उत्तम असतं, पण महाग. आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद याच कामाचा आहे. शेतकरी त्याला कागदच म्हणतात. हौदाचं माप काढायचं ते असं: लांबी अधिक दोनदा खोली, अधिक दोन्ही काठांना एकेक फूट. इथे १० + ८ + २ म्हणजे २० फूट, आणि रुंदीला ६ + ८ + २ म्हणजे १६ फूट. ३२० चौरस फूट, साधारण ३० चौरस मीटर. मोठ्या तळ्याच्या कामातून उरलेला तुकडा एवढा सहज निघतो. हा कागद ताठ असतो, कोपऱ्यात घडी नीट बसत नाही आणि घडीच्या पोटात घाण अडकते. म्हणून शेततळ्याला कागद जोडणाऱ्यांकडून त्यांच्या गरम यंत्रावर पेटीच्या आकारात शिवून घेणं शहाणपणाचं. थोडे पैसे जास्त जातात, पण घडीच राहत नाही.

कागदाखाली काय घालायचं? आधी खड्ड्यातला प्रत्येक टोकदार खडा वेचावा, मुळं कापावीत, मग दोन इंच चाळलेली माती किंवा वाळू पसरून तिच्यावर जुने फ्लेक्स दुहेरी अंथरावेत. गोणपाट आणि सतरंज्या घालू नयेत, त्या कुजतात आणि वाळवीला बोलावतात. घुशींचा त्रास असलेल्या परसात फ्लेक्सखाली बारीक भोकांची वेल्डमेश घालायलाच हवी. घूस खालून कागद कुरतडते आणि ते भोक शोधता शोधता महिना जातो. कागद पसरल्यावर पाणी हळूहळू सोडावं, भरता भरता सुरकुत्या ओढून घ्याव्यात आणि काठावरचा जादा कागद हौद पूर्ण भरेपर्यंत कापू नये. पाण्याचं वजन कागदाला खाली खेचतं. आधी कापला तर एखाद्या बाजूला तो कमी पडतो.

गळती तपासायची सोपी रीत आहे. बादलीत पाणी भरून ती हौदाच्या काठावर ठेवावी, दोन्हीकडे पातळीची खूण करावी आणि दोन दिवस थांबावं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ती वाफ, हौदात जास्त उतरलं तर गळती. मे महिन्यात कोरड्या हवेत दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जातं, म्हणजे या हौदातून पन्नास-साठ लिटर. त्याला गळती समजून खणाखणी करू नये.

ज्यांच्याकडे जुना सिमेंटचा हौद पडून आहे, त्यांचं अर्धं काम झालंय. नवं सिमेंट मात्र चुना सोडतं आणि पाण्याचा पीएच अकराच्या जवळ नेतं, त्यात मासा काही तासही टिकत नाही. हौद भरून चार-पाच दिवस ठेवावा, उपसावा, घासावा. असं तीनदा करून पीएच साडेआठच्या खाली स्थिर राहतो का ते बघावं. तेवढी सवड नसेल तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारं इपॉक्सी आतून लावावं.

आता गाळणी. तीन जुनी दोनशे लिटरची निळी प्लास्टिकची पिंपं घ्यावीत. आत आधी काय होतं याची खात्री करून घ्यावी. रसायनांची, कीटकनाशकांची पिंपं कितीही धुतली तरी घेऊ नयेत. खाद्यतेलाची, सिरपची, लोणच्याची चालतात. हौदाच्या उताराच्या कोपऱ्यात पंप ठेवायचा, तो पाणी पहिल्या पिंपात टाकेल, तिथून ते दुसऱ्यात, तिसऱ्यात आणि मग आपल्या वजनाने परत हौदात येईल. पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. पाच फूट चढ आणि दोन-चार कोपरे आले की तो झपाट्याने उतरतो. आपल्याला दर दोन तासांनी सगळं पाणी फिरवायचं आहे, म्हणजे प्रत्यक्षात ताशी ३,००० लिटर मिळायला हवेत. त्यासाठी ५,००० लिखित क्षमतेचा घ्यावा. परतीच्या नळीखाली वीस लिटरची बादली धरावी. ती २४ सेकंदांत भरली तर हिशेब जमला.

पहिल्या पिंपात काहीच भरायचं नाही. पाणी बाजूने तिरकं आत सोडायचं, म्हणजे ते गोल फिरतं, जड घाण तळाशी बसते आणि वरचं पाणी पुढे जातं. ताशी ३,००० लिटर वेगाला दोनशे लिटरच्या पिंपात पाण्याला जेमतेम चार मिनिटं मिळतात, म्हणून इथे पिंपाचा आकार कमी करू नये. तळाला दोन इंची व्हॉल्व्ह लावायचा, तो रोज दहा सेकंद उघडला की काळं पाणी बाहेर पडतं. दुसऱ्या पिंपात शेडनेटच्या गुंडाळ्या किंवा नायलॉनचे ब्रश उभे टांगायचे, त्यांवर बारीक घाण अडकते.

तिसऱ्यात जिवाणूंचं घर. तिथे पृष्ठभाग जास्त आणि अडगळ कमी असा माल हवा. बाजारात त्यासाठी प्लास्टिकच्या चक्राकार गोट्या मिळतात. खर्च टाळायचा तर पाण्याच्या बाटल्यांची झाकणं दोन-तीन पोती जमवावीत किंवा भांडी घासायचे प्लास्टिकचे काथे भरावेत. विटांचे तुकडे आणि खडी भरण्याची पद्धत जुनी आहे, पण ती मला पटत नाही. चार महिन्यांत पोकळी गाळाने भरते, आतला भाग हवेविना सडतो आणि ते सगळं वजन उपसून धुताना पाठ मोडते. या पिंपात खालून हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला लावतात तो सच्छिद्र दगड) बुडबुडे सोडत राहिला पाहिजे, कारण इथल्या जिवाणूंना प्राणवायू माशांइतकाच लागतो. हे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच निरुपद्रवी. म्हणून तिसऱ्या पिंपातला माल नळाच्या पाण्याने धुवायचा नाही, क्लोरीन जिवाणूंना मारतो. हौदाच्या पाण्यात नुसता खळबळायचा, तोही अगदीच गुदमरला असेल तेव्हा.

पाइपच्या मापात लोक फसतात. पंपाकडून येणारा पाइप सव्वा इंची चालतो, पण आपल्या वजनाने वाहणारं पाणी तेवढ्यातून उतरत नाही. पिंपांमधले जोड आणि परतीचा पाइप तीन इंची हवेत. दुसरी चूक याहून महाग पडते. मधलं पिंप तुंबलं की पाणी काठावरून बाहेर सांडतं आणि पंप इमानाने सगळा हौद रात्रीतून अंगणात ओततो. यावर उपाय म्हणजे पिंपं हौदाच्या काठाला खेटून अशी मांडायची की सांडलेलं पाणी परत हौदातच पडेल, आणि प्रत्येक पिंपाला वरच्या कडेखाली दोन इंची सांडवा काढायचा.

वीज आणि पाणी जवळ येतात तिथे काटकसरीचा विचारही करू नये. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे झिरपू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि पाण्यात वायरचा एकही जोड नाही. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद. पन्नास वॅटचा पंप दिवसाला १.२ युनिट खातो, महिन्याला ३६. तीस वॅटचा हवेचा पंप महिन्याला बावीसच्या आसपास. दोन्ही चोवीस तास चालवायचे, रात्री बंद करून बिल वाचवायचं नाही. रात्रीच पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. वीज जाते त्या वेळेसाठी हवेचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर जोडावा, मोठा पंप थांबला तरी चालेल. पण पाण्याचा प्रवाह सहा-आठ तास थांबला असेल, तर वीज आल्याबरोबर पंप सुरू करू नये. पिंपांतलं साचलेलं पाणी तोवर सडलेलं असतं. ते आधी बागेत सोडून द्यायचं, मग बटण.

भरण्यासाठी नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढावा लागतो. मत्स्यपालनाच्या दुकानात हायपो नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे हजार लिटरला दहा ग्रॅम पुरतात. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण प्राणवायूही नसल्यासारखाच असतो, त्यामुळे ते उंचावरून पाडून दिवसभर खेळवून घ्यावं. देशावरच्या बेसाल्ट खडकातलं बोअरचं पाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, कोईला ते चांगलं मानवतं.

हौद भरला की मासे आणण्याची घाई होते. तिसऱ्या पिंपातल्या जिवाणूंना वसाहत करायला आपल्या उबदार पाण्यात चार ते सहा आठवडे लागतात. या काळात दोन-तीन लहान मासेच असावेत, खाद्य चिमूटभर आणि दर दोन दिवसांनी अमोनिया-नायट्राइटची तपासणी. कोणाच्या तरी चालत्या, निरोगी हौदातल्या गाळणीचा बादलीभर माल मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो. नायट्राइट चढला की हवा भरपूर असूनही मासे वर येऊन धापा टाकतात, कारण रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. अशा वेळी हजार लिटरला एक किलो खडे मीठ विरघळवून टाकावं, त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आणि पाणी बदलावं.

माशांवर सर्वांत कमी खर्च करा, असंच मी सांगेन. कोहाकू, सांके, शोवा या जाती ओळखण्याचा आनंद मोठा आहे, पण पहिल्या वर्षी भारतात वाढवलेले चार-सहा इंचांचे साधे कोई घ्यावेत. आपल्या बाजारात येणारे बरेचसे मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याकडून येतात. प्रवासाने थकलेले असतात आणि अंगावर उवा किंवा अँकरवर्म असे परजीवी किडे घेऊन येतात. पर मिटून कोपऱ्यात बसलेला, अंग घासणारा, दोरीसारखं काही लोंबत असलेला मासा त्या टाकीत एक जरी दिसला, तरी त्या टाकीतला दुसराही घेऊ नये. आणलेले मासे वेगळ्या पाचशे लिटरच्या टाकीत तीन आठवडे ठेवावेत, त्यात दीड किलो मीठ, हवा आणि वर जाळी. पिशवीतलं पाणी हौदात ओतायचं नाही. आपल्या ६,००० लिटरला पाच-सहा मासे, त्यापुढे नाही. ही संख्या पाळणं सगळ्यांत अवघड जातं, कारण सहा इंचांचे सहा मासे एवढ्या पाण्यात हरवल्यासारखे दिसतात.

पहिल्या उन्हाळ्यात पाणी हिरवं होणारच. माशाला त्याने काही होत नाही, आपल्याला तो दिसत नाही एवढंच. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री घेतं, म्हणून पहाटे मासे वर आले तर हवा वाढवावी. आणि त्याच्यामुळे सकाळी साडेसात असलेला पीएच संध्याकाळपर्यंत नऊवर चढतो. पंचवीस अंश पाण्यात पीएच आठ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ५ टक्के विषारी रूपात असतो, नऊला ३६ टक्के. म्हणून अमोनियाची तपासणी सकाळी करून निर्धास्त होऊ नये, ती संध्याकाळी करावी. पन्नास टक्क्यांचं शेडनेट आणि तिसऱ्या पिंपाच्या तोंडावर बाटल्यांत बसवलेली कर्दळ, वेखंड यांनी हिरवेपणा बराच उतरतो. तरी नको असेल तर अठरा वॅटचा यूव्ही दिवा. जलपर्णी नायट्रेट झपाट्याने शोषते, पण वाढलेली उपसून कंपोस्टमध्येच टाकावी. तिने मुळा-मुठेची आणि इंद्रायणीची काय दशा केली आहे ते आपण पाहतो आहोत.

खरी परीक्षा जूनमध्ये असते, आणि परदेशी पुस्तकांत ती सापडत नाही. तिथे हिवाळ्याची, बर्फाची प्रकरणं असतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पाऊस कोसळतो. पावसाच्या पाण्यात क्षारता, म्हणजे आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची ताकद, जवळजवळ नसते. कोकणात एका मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे या हौदाच्या नुसत्या तोंडावर सोळा-सतरा हजार लिटर, हौदाच्या जवळजवळ तिप्पट. त्यात गाळणीतले जिवाणू एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सात ग्रॅम क्षारता खातात. दोन्ही मिळून पाण्यातला आधार संपतो आणि पीएच एका रात्रीत साडेपाचवर कोसळतो. जिवाणू काम थांबवतात, मासे तळाशी लाल शिरा घेऊन पडून राहतात. कोकणातलं जांभ्यातलं विहिरीचं पाणी मुळातच मऊ, म्हणून तिथे हे आधी घडतं.

उपाय फार स्वस्त आहे. मे संपता संपता तिसऱ्या पिंपात खाण्याच्या तिसऱ्यांचे धुतलेले, वाळवलेले शिंपले चार-पाच किलो जाळीच्या पिशवीत टांगावेत. पाणी आम्लाकडे झुकू लागलं की ते विरघळत राहतात. क्षारता तपासायचं किट घरात असावं. लिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली आली तर खाण्याचा सोडा, हजार लिटरला तीस ग्रॅम, या हौदाला १८० ग्रॅम, बादलीत विरघळवून. त्याने क्षारता सुमारे १८ मिलिग्रॅमने वाढते. एका दिवसात याहून जास्त टाकू नये, पीएचची उडी माशाला पडझडीइतकीच बाधते.

काठाला पाण्याच्या पातळीवर तीन इंची जाळीदार सांडवा हवाच. गच्चीचं पाणी हौदात सोडण्याची कल्पना कितीही पर्यावरणपूरक वाटली तरी सोडू नये. पहिल्या सरींबरोबर गच्चीवरची वर्षभराची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि रंगरंगोटीचं उरलंसुरलं खाली येतं. जिथे भूजल वर येतं तिथे कागदाखाली पाणी शिरून तो फुग्यासारखा वर उचलला जातो. हे टाळायला खड्ड्याच्या तळाशी खडीत भोकांचा पाइप टाकून तो बाहेर काढून ठेवावा, आणि पावसाळ्यात हौद कधीही उपसू नये. भाद्रपदात घरचा गणपती याच हौदात विसर्जन करण्याचा आग्रह घरातून होतो. शाडूची माती कल्ल्यांत बसते, रंग पाण्यात उतरतात. त्यासाठी वेगळी बादली किंवा पिंप ठेवावं, निर्माल्यही तिकडेच.

खंड्या, वंचक, पाणकावळा, मांजर, आणि ओल्या परसात दिवड. या सगळ्यांवर एकच इलाज, नायलॉनचं जाळं, ताणून बांधलेलं. सैल जाळ्यात पक्षी अडकून मरतात. डासांची चिंता करू नये, कोई अळ्या शिल्लक ठेवत नाही. पिंपांत मात्र डास होतात, तिथे झाकण आणि तिसऱ्यात चार गप्पी.

एवढा सगळा हौद, कागद, पिंपं, दोन्ही पंप, वीट-सिमेंट आणि मजुरी धरून पंचवीस-तीस हजारांत उभा राहतो, अंगमेहनत घरची असेल तर त्याहूनही कमी. त्यानंतर दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे सहाशे लिटर पाणी बदलायचं. नुसती उडालेली वाफ भरून काढणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, त्याने क्षार साचतच जातात. हे सहाशे लिटर आणि पिंपांच्या तळाचं काळं पाणी अळूला, केळीला, कढीपत्त्याला सोडावं. त्यातलं नायट्रेट म्हणजे खतच. मीठ टाकलं असेल तर ते पाणी बदलून बदलून निघून जाईपर्यंत मात्र झाडांना देऊ नये.

खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढंच, पस्तीस-चाळीस टक्के प्रथिनांचं, ताजं, उघडून तीन महिन्यांच्या आत संपणारं. निफाडकडच्या थंडीत पाणी पंधराच्या खाली गेलं तर दिवसाआड आणि अगदी थोडं. आठ-दहा दिवस गावाला जाताना शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊन जाऊ नये. मोठा, निरोगी कोई तेवढे दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही, पण प्रेमाने टाकलेल्या ओंजळभर गोळ्यांनी पाणी दोन दिवसांत नासतं. शेजाऱ्यांना एवढंच सांगावं, की सकाळ-संध्याकाळ परतीच्या पाइपातून पाणी पडतंय का आणि बुडबुडे येतायत का ते बघा, आणि पडत नसेल तर या नंबरवर फोन करा. कधी काळी हौद मोडायची वेळ आली तर मासे नदीत किंवा पाझर तलावात सोडू नयेत. हा मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, तिथल्या माशांची अंडी खातो आणि आपल्याकडचा रोगही सोबत नेतो. मोठा हौद असलेला दुसरा पाळणारा शोधावा. असे लोक प्रत्येक शहरात आहेत, आणि दीड फुटांचा निरोगी कोई कोणीही आनंदाने घेऊन जातं.